अठ्ठावन्नाव्या वर्षीची झुंज

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्याचा दुसरा आठवडा मौद्यात निवडणुकीच्या धामधुमीचा होता. २० तारखेस विधानसभेचे मतदान व्हावयाचे होते. शिक्षकांच्या आणि लिपिकांच्या हाती मतदानकामाच्या नेमणुकीचे आदेश पडले होते. कन्हानच्या पुलावरून ध्वनिक्षेपक लावलेल्या गाड्या ये-जा करीत होत्या. आजूबाजूच्या खेड्यांत दिवाळीनंतरच्या मंडईचे दिवस चालू होते, ते वेगळेच. अशा वेळी बसस्थानकाजवळच्या चहाच्या दुकानात उमेदवारांखेरीज दुसऱ्या कोणाची चर्चा संभवत नाही, असे कोणासही वाटले असते. परंतु त्या आठवड्यात तेथे जो वाद सर्वांत अधिक आवेशाने झडला, त्याचा निवडणुकीशी संबंध नव्हता. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, आर्लिंग्टन या गावी, माइक टायसन हा अठ्ठावन्न वर्षांचा मुष्टियोद्धा जेक पॉल नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाशी लढणार होता. टायसन जिंकण्याचा संभव किती, हा त्या वादाचा विषय होता.

वादात तीन पक्ष होते. पहिल्या पक्षाचे धुरीण एक ज्येष्ठ लिपिक होते. टायसनने वयाच्या विसाव्या वर्षी, १९८६ साली, जगज्जेतेपद मिळवले तेव्हा हे गृहस्थ महाविद्यालयात होते, आणि त्या काळच्या वृत्तपत्रांतील त्याची छायाचित्रे त्यांच्या मनातून अद्याप गेलेली नव्हती. ‘‘एक बसू द्या जी, एकच! पोट्टा उताणा पडते,’’ हे त्यांचे म्हणणे, आणि त्यापलीकडे युक्तिवादाची गरज त्यांना भासत नव्हती. दुसऱ्या पक्षात महाविद्यालयीन विद्यार्थी होते. त्यांच्याजवळ सर्व आकडे होते. टायसनची शेवटची व्यावसायिक झुंज ११ जून २००५ रोजी झाली, तीत केव्हिन मॅकब्राइड या सामान्य प्रतीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर सहाव्या फेरीनंतर तो आपल्या जागेवरून उठलाच नाही, त्याला आता एकोणीस वर्षे लोटली, हे सारे ते भ्रमणध्वनीवर दाखवीत. तिसरा पक्ष आम्हां शिक्षकांचा. आमचा पक्ष सवयीप्रमाणे दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे मानणारा आणि म्हणूनच कोणासही न आवडणारा होता.

या वादात एक गोष्ट प्रारंभी माझ्या ध्यानात आली नाही. ती घरी गेल्यावर आली. आमचे हे लिपिकबाबू त्याच महिन्याच्या अखेरीस सेवानिवृत्त होणार होते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत वर्ग चार वगळता इतरांस वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवतात. ही मर्यादा साठ करावी, अशी कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. टायसन अठ्ठावन्न वर्षांचा होता. तो जिंकला तर अठ्ठावन्नाचा माणूस अजून कामाचा असतो हे सिद्ध होणार होते. तो हरला तर शासनाचा नियम बरोबर ठरणार होता. लिपिकबाबूंनी हे बोलून दाखवले नाही. परंतु दुसऱ्याच्या वयाविषयी माणसे इतक्या तळमळीने बोलू लागली म्हणजे ती बहुधा स्वतःच्या वयाविषयी बोलत असतात. विद्यार्थ्यांचेही तसेच. ज्या जागा रिकाम्या होण्याची ते वाट पाहत आहेत, त्या जागांवर बसलेल्या म्हाताऱ्यांविषयी त्यांचे मत जेक पॉलच्या ठोशांतून व्यक्त होत होते.

एक दिवस या मंडळीत औष्णिक विद्युत केंद्रातील एक तंत्रज्ञ येऊन बसला. एनटीपीसीचा २,३२० मेगावॅटचा प्रकल्प आमच्या मौद्याला झाल्यापासून येथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली आहेत. हा गडी हरियाणातील भिवानीकडचा. भिवानी म्हणजे मुष्टियोद्ध्यांची खाण. बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये २००८ साली कांस्यपदक मिळवणारा विजेंदर सिंग तेथलाच. या तंत्रज्ञानेही तरुणपणी हातमोजे चढवले होते आणि नाकाचे हाड मोडून घेतले होते. साहजिकच सर्वांनी त्याच्याकडे निकालासाठी पाहिले. त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि हिंदीत इतकेच विचारले की, त्या माणसाची तपासणी कोणत्या डॉक्टरने केली आणि त्या डॉक्टरला पगार कोण देतो? दुकानात क्षणभर शांतता झाली. टायसनला त्याच वर्षीच्या मे महिन्यात पोटातील व्रणाने विमानात आजारी पाडले होते, आणि जुलैमध्ये ठरलेली झुंज त्यापायी नोव्हेंबरवर गेली होती, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. परंतु ‘जिंकेल की हरेल’ या प्रश्नाच्या नादात ‘लढू द्यावे की नाही’ हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता.

हा प्रश्न माझ्या मनातून त्यानंतर गेला नाही. वृद्ध मुष्टियोद्ध्याच्या विजयाचा संभव किती, ही चर्चा निरुपद्रवी करमणूक आहे, असे आपण समजतो. वस्तुतः तीच त्या धंद्याचे भांडवल आहे. तो निश्चित हरणार, असे सर्वांना वाटले तर तिकीट कोण काढील? तो निश्चित जिंकणार असे वाटले तरीही कोणी काढणार नाही. संयोजक विकतो ती वस्तू म्हणजे ‘कदाचित’. हा ‘कदाचित’ टिकवण्याचे काम आपण, चहाच्या दुकानात बसलेली मंडळी, विनावेतन करीत असतो.

हा ‘कदाचित’ निव्वळ खोटा असता तर त्याचा बाजार एवढा चालला नसता. त्याच्या पाठीशी खरी उदाहरणे आहेत, आणि तीच घात करतात. आपल्याकडचे सर्वांत थोर उदाहरण गामा पैलवानाचे. १९१० साली लंडनमध्ये पोलंडच्या झ्बिस्कोशी त्याची कुस्ती बरोबरीत सुटली होती. झ्बिस्को तासन् तास मातीला चिकटून राहिला, असे म्हणावे तर तेथे माती नव्हती, गालिचा होता. पुढे १९२८ च्या जानेवारीत पतियाळा येथे दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाचे वय पन्नाशीच्या घरात होते. एका मिनिटाच्या आत त्याने झ्बिस्कोला चीत केले. अमेरिकेतले उदाहरण जॉर्ज फोरमनचे. १९९४ च्या ५ नोव्हेंबरला, पंचेचाळीस वर्षांच्या फोरमनने सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत खाली पाडून जगज्जेतेपद परत मिळवले. वीस वर्षांपूर्वी झाईरमध्ये मुहम्मद अलीकडून हरताना जी लाल विजार अंगावर होती तीच घालून तो आला होता. नऊ फेऱ्यांपर्यंत तो गुणांत मागे होता. अशा कथा ऐकून कोणाच्या अंगावर रोमांच उभे राहणार नाहीत?

परंतु ज्या १९२८ साली गामाने पतियाळा गाजवले, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील हॅरिसन मार्टलँड नावाच्या एका विकृतिशास्त्रज्ञाने वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. मुष्टियुद्धाच्या धंद्यात वर्षानुवर्षे डोक्यावर मार खाल्लेली माणसे पुढे अडखळत चालतात, त्यांची जीभ जड होते, हात कापतात आणि बुद्धी मंदावते, हे प्रेक्षकांना नुसत्या डोळ्यांनी दिसत होतेच. मार्टलँडने त्याची सांगड मेंदूतील इजेशी घातली. कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांतील भेद नेमका येथे आहे. म्हातारा पैलवान हरला म्हणजे त्याची पाठ मातीला लागते. तो उठतो, धूळ झटकतो आणि घरी जातो. क्वचित गुडघा दुखावतो, खांदा निखळतो. मुष्टियुद्धात डोके हेच लक्ष्य. तेथील पराभव त्या रात्री संपत नाही. तो दहा-पंधरा वर्षांनी घरच्या माणसांच्या पदरात पडतो. तरुणपणीच्या ठोशांचा हिशेब अगोदरच शिलकीत असतो, आणि म्हातारपणी पाय मंदावल्यामुळे चुकवता येण्याजोगे ठोसेही वाट्यास येतात. गामाच्या उदाहरणावरून टायसनची शक्यता अजमावणे म्हणूनच गैर आहे.

आमच्या पूर्व विदर्भात शंकरपटाचा शौक मोठा. न्यायालयाच्या बंदीमुळे काही वर्षे पट बंद होते. आता पुन्हा सुरू झाले आहेत. पटाच्या बैलांची जोडी पाहावयास गेलेला शेतकरी प्रथम बैलाचे तोंड उघडून दात पाहतो: दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. त्यावरून वय कळते आणि भाव ठरतो. जुळून वर्षे लोटलेल्या बैलाला, तो एके काळी कितीही नावाजलेला असला तरी, पटावर उतरवणाऱ्यास गावात नावे ठेवतात. मनुष्याचे दात पाहण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे सोपवलेली असते, ते काय पाहतात, हे मात्र मुहम्मद अलीच्या प्रकरणात जगाला कळून चुकले.

ते प्रकरण थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९८० च्या जानेवारीत अली भारतात आला होता. दिल्लीत त्याने आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनी झुंज खेळली तेव्हा हजारो लोक त्याला नुसते पाहण्यासाठी लोटले. त्या वेळी तो निवृत्त होता, वयाने अडतीस वर्षांचा होता आणि अंगाने सुटला होता. तेथेच थांबता तर? परंतु लॅरी होम्स या तत्कालीन जगज्जेत्याशी त्याची झुंज ठरली: २ ऑक्टोबर १९८०, लास व्हेगास. होम्स हा एके काळी अलीचाच सराव-जोडीदार होता. त्या झुंजीपूर्वी जुलैमध्ये मिनेसोटातील मेयो रुग्णालयात अलीची तपासणी झाली. डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावताना ते किंचित चुकते, एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळाई दिसत नाही, बोलताना स्नायूंचा मेळ बसण्यास अडचण येते, मेंदूतील एका पडद्यास लहानसे छिद्र आहे, अशा नोंदी त्या अहवालात होत्या. तरीही अखेरचा अभिप्राय झुंजीस मनाई करणारा नव्हता. नेव्हाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने तो अहवाल पाहिला आणि परवाना दिला. अलीचा जुना डॉक्टर फर्डी पाचेको याने १९७७ सालीच, शेव्हर्सबरोबरच्या झुंजीनंतर, धोक्याची सूचना देऊन त्याची साथ सोडली होती, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. कोणालाच दिसत नव्हते असे नाही. ज्याला दिसले तो बाहेर पडला, आणि उरलेल्यांना पाहावयाचे नव्हते.

पुढचा भाग मला सर्वांत भयंकर वाटतो. झुंजीच्या दिवशी अली उतरला तेव्हा त्याचे पोट गेलेले होते, केस काळेभोर होते, वजन १९७४ च्या झाईर-झुंजीच्या वेळी होते जवळजवळ तितकेच झाले होते. जगभरचे चाहते म्हणाले, पाहा, तो जुना अली परत आला! तो परत आला नव्हता. अवटुग्रंथीवरील औषध त्याने प्रमाणाबाहेर घेतले होते. त्याने वजन झपाट्याने उतरले आणि त्याबरोबर अंगातले त्राणही गेले. चाहत्यांना जे तारुण्य दिसले तो आजार होता. दहा फेऱ्या त्याने मार खाल्ला. तिन्ही पंचांनी एकही फेरी त्याला दिली नाही. होम्स पंचाकडे पाहत होता, ही झुंज थांबवा म्हणून; अखेर दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने ती थांबवली. जिंकलेला होम्स नंतर रडला. इतके होऊनही पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १९८१ रोजी, बहामा बेटांवरील नासाऊ येथे ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध अलीला पुन्हा उभे करण्यात आले. तेथे घंटा आणावयाची राहून गेली होती म्हणून गुरांच्या गळ्यातली घंटा वाजवून फेऱ्या सुरू कराव्या लागल्या. ज्या माणसाने जगाला डोलावले त्याची शेवटची झुंज गुरांच्या घंटेवर संपली. १९८४ साली त्याचे कंपवाताचे निदान जाहीर झाले आणि २०१६ साली त्याचा अंत झाला. त्याच्या आजारात ठोशांचा वाटा किती, यावर वैद्यांत मतभेद आहेत. परंतु शेवटचे दोन सामने त्याच्या प्रकृतीस हितकारक झाले, असे म्हणणारा वैद्य कोणी भेटणार नाही.

या खेळातील गादीचा वारसा कसा चालतो, तेही पाहण्यासारखे आहे. १९५१ च्या २६ ऑक्टोबरला सदतीस वर्षांच्या जो लुईला रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत दोरांच्या बाहेर फेकले. लुई हा मार्सियानोचा आदर्श होता आणि त्या रात्री तोही रडला, असे सांगतात. १९८० साली अडतीस वर्षांच्या अलीला होम्सने पाडले. १९८८ च्या जानेवारीत त्याच होम्सला, तोही आता अडतीस वर्षांचा झालेला, एकवीस वर्षांच्या टायसनने चौथ्या फेरीत संपवले. आणि आता टायसनची पाळी. प्रत्येकाने आपल्या पूर्वसूरीचे काय झाले ते अगदी जवळून पाहिलेले असते. तरी तो परत येतो. का?

याचे उत्तर ‘हौस’ किंवा ‘अहंकार’ असे देऊन आपण मोकळे होतो. मला ते पुरेसे वाटत नाही. जो लुई करांच्या थकबाकीपायी परतला. त्यातील काही कर तर १९४२ साली दोन झुंजींचे उत्पन्न त्याने नौदलाच्या आणि सैन्याच्या मदतनिधीस देऊन टाकले होते, त्यावरचा होता! पुढे हा जगज्जेता लास व्हेगासच्या एका जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करण्याच्या नोकरीवर राहिला. टायसनने तीस कोटी डॉलर्सहून अधिक कमावले, असे सांगतात. २००३ साली त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. फोरमन परतला तोही मुलांसाठी चालवलेल्या आपल्या केंद्राला पैसा हवा म्हणून. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांसाठी निवृत्तिवेतनाची सरकारी योजना कॅलिफोर्निया या एका राज्यात तेवढी, १९८० नंतरच्या दशकात, निघाली. बाकीच्यांचे निवृत्तिवेतन म्हणजे त्यांचे नाव. आणि ते नाव पुन्हा रिंगणात उतरल्याशिवाय वटत नाही.

हा विषय निघाल्यावर आमच्या दुकानातील वादाने एकदम वेगळे वळण घेतले. १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत राज्यभर संप झाला. आमच्यातील तरुण शिक्षक त्या संपात होते. तोवर जेक पॉलच्या बाजूने असलेले एक तरुण गुरुजी म्हणाले, ‘‘म्हणजे टायसन नवीन योजनेतला दिसतो!’’ सगळे हसले. लिपिकबाबू मात्र हसले नाहीत. ते जुन्या योजनेतले होते.

आपल्या तालमींची परंपरा मला या बाबतीत शहाणी वाटते. पैलवानाचे वय झाले की त्याला वस्ताद म्हणतात. तो लंगोट उतरवतो, परंतु तालीम सोडत नाही. हौद्याच्या काठावर त्याची जागा ठरलेली असते, आणि दंगलीच्या दिवशी फेटा पहिल्यांदा त्याला बांधला जातो. ज्याला बसावयास मानाची जागा आहे, त्याला उभे राहून मार खाण्याची गरज पडत नाही. अर्थात यात रम्य काही कल्पून आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. फेट्याने पोट भरत नाही. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांनी पोलीस खात्यात सत्तावीस वर्षे सेवा केली, आणि तरीही निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. अलीशी हात मिळवलेला, १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेला आपला कौर सिंग उतारवयात औषधपाण्याच्या खर्चाने बेजार झाला होता. २०२३ साली तो गेला. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये जुन्या नामवंत मल्लांच्या मानधनात भरीव वाढ जाहीर केली, हे चांगले झाले. उशिरा झाले, हेही म्हटले पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. प्रौढ माणसाने आपल्या शरीराचे काय करावे, हे ठरवणारे तुम्ही कोण? वय हाच निकष लावावयाचा तर कर्तबगारीला अर्थ काय उरला? आक्षेपाच्या पुष्ट्यर्थ मेरी कोमचे नाव घेतले जाते. २०१९ साली तिची निवड विनाचाचणी होऊ नये, म्हणून निखत झरीन या तरुण मुलीने आवाज उठवला. देशभर दोन तट पडले. अखेर २८ डिसेंबरला चाचणी झाली आणि छत्तिशी ओलांडलेल्या मेरीने ती ९–१ अशी जिंकली. टोकियोत, जुलै २०२१ मध्ये, ती कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून अगदी थोडक्यात हरली. निखत पुढच्याच वर्षी जगज्जेती झाली. आमच्या नागपूरच्या अल्फिया पठाणनेही २०२२ साली कझाकस्तानात २०१६ ची जगज्जेती लज्जत कुंगेइबायेवा हिला हरवले. या सर्वांत मला अनुचित असे काही दिसत नाही. तेथे झुंज एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी होती: देशातर्फे कोण जाईल, पदक कोणाचे? फेऱ्या तीन, ठोसे मोजून, पंच झुंज लगेच थांबवण्यास सिद्ध, आणि त्या स्पर्धांना चाळिशीची वयोमर्यादा. मेरीलाही ती मर्यादा लागली, आणि तिला ती आवडली नाही. तरी नियम तिच्यासाठी वाकवला गेला नाही, हे योग्यच झाले.

टायसनच्या झुंजीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार होते? कोणतेही जेतेपद पणाला लागलेले नव्हते. फेऱ्या आठ, प्रत्येकी दोनच मिनिटांच्या. हातमोजे नेहमीपेक्षा जड, चौदा औंसांचे. म्हणजे म्हातारा माणूस लढतो आहे हे संयोजकांना पक्के ठाऊक होते, म्हणून नियम मऊ केले. आणि तरीही टेक्सासच्या परवाना खात्याने ती झुंज प्रदर्शनी नव्हे तर अधिकृत व्यावसायिक म्हणून मंजूर केली, कारण प्रदर्शनी म्हटले की ‘कदाचित’ उरत नाही. प्रौढाच्या स्वातंत्र्याचा मला आदर आहे. परंतु ज्या माणसाच्या स्वातंत्र्याची एवढी काळजी वाहिली जाते, तो ते वापरून ‘नाही’ म्हणाला तर त्याच्या म्हातारपणाची काळजी कोण वाहतो, हे आधी सांगावे. परवाना देणारे खाते झुंजीच्या उत्पन्नापासून अलग असावे, चाळिशीनंतर मेंदूची तपासणी त्रयस्थ वैद्यांकडून व्हावी आणि तिचा अहवाल झुंजीच्या आधी लोकांसमोर यावा. शिवाय प्रत्येक मोठ्या झुंजीच्या गल्ल्यातून एक हिस्सा निवृत्त योद्ध्यांच्या निधीत जावा. या मागण्यांत क्रांतिकारक काय आहे? आमच्या वेतनातून दरमहा कपात होते ती काय वेगळी असते?

असो. १६ नोव्हेंबर उजाडला. टेक्सासात १५ ची रात्र, आपल्याकडे शनिवारची सकाळ. कचेरीला सुट्टी असल्यामुळे लिपिकबाबू दुकानात हजर होते. विद्यार्थ्याने भ्रमणध्वनी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. प्रक्षेपण मध्येच गोठत होते; जगभर तसेच होत होते, असे नंतर कळले. पहिल्या फेरीत टायसनने दोन ठोसे मारले तेव्हा लिपिकबाबू बाकावरून उठले. दुसरीनंतर बसले. तिसरीपासून टायसनचे पाय चालेनासे झाले. तो वारंवार हातमोजा चावत होता. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर दुकानात कोणी बोलेना. जेक पॉलचे समर्थकही ओरडत नव्हते. झुंज संपता संपता पॉलने हात खाली करून टायसनला वाकून अभिवादन केले. निकाल ८०–७२, ७९–७३, ७९–७३. आठ फेऱ्यांत टायसनचे अठरा ठोसे बसले होते. सत्तर हजारांवर प्रेक्षक तेथे होते. घरोघरी पाहणारे कोट्यवधी. पुढे टायसनने स्वतःच जाहीर केले की, जूनमध्ये तो मरणाच्या दारातून परत आला होता, आठ वेळा रक्त द्यावे लागले होते, शरीरातील निम्मे रक्त गेले होते. भिवानीच्या तंत्रज्ञाचा प्रश्न मला आठवला.

मतदान झाले, मतमोजणी झाली. ३० तारीख शनिवारची असल्याने लिपिकबाबूंचा निरोप समारंभ शुक्रवारी, २९ नोव्हेंबरला, कचेरीत पार पडला. मी निवृत्त झालो त्या दिवसाची मला आठवण झाली: तीच शाल, तोच नारळ, ‘आपली उणीव भासेल’ हे तेच वाक्य, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला डबा भरला जात नाही म्हणून स्वयंपाकघरात पसरलेली ती चमत्कारिक शांतता. समारंभानंतर ते शाल खांद्यावर आणि नारळ हातात घेऊन सरळ चहाच्या दुकानात आले. विद्यार्थ्यांनी त्यांना जागा करून दिली. बोलता बोलता टायसनचा विषय निघाला. ही शेवटची झुंज काय, असे त्याला रिंगणातच विचारले होते, आणि ‘तसे वाटत नाही’ म्हणून त्याने दुसऱ्या झुंजीची भाषा केली होती, ही बातमी एका विद्यार्थ्याने सांगितली. लिपिकबाबू बराच वेळ गप्प राहिले.

‘‘त्याले तिकडे कोणी शाल-नारळ देत नाही काय जी?’’ त्यांनी विचारले.